अभिव्यक्ती : जे आहे ते दिसू देणे

भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राणी कमलापती स्थानकानंतर मिसरोद लागते. एके काळचे हे गाव आता भोपाळच्या विस्तारात सामावले आहे. याच मार्गावर पुढे, ओबेदुल्लागंजच्या पलीकडे भीमबेटकाचे खडक आहेत. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर भोपाळच्या वाटेवर असताना त्यांना आगगाडीतून ते खडक दिसले. स्पेन आणि फ्रान्समध्ये त्यांनी पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांशी त्यांचे साम्य होते. १९५७ साली वाकणकरांनी तेथील शैलाश्रय आणि त्यांतील चित्रे जगापुढे आणली. मध्य प्रदेशातील नीमच येथे मराठी घरात जन्मलेल्या या संशोधकाने चित्रे निर्माण केली नव्हती. ती हजारो वर्षे तेथेच होती. त्याने ती व्यक्त केली. ‘अभिव्यक्ती’ या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच आहे.

आज आपण हा शब्द ‘मत मांडणे’ एवढ्या अर्थाने वापरतो. त्याचा इतिहास मात्र बराच विस्तृत आहे. मूळ धातू ‘अञ्ज्’. धातुपाठात त्याचे अर्थ उघड होणे, माखणे, शोभणे आणि जाणे असे दिले आहेत. डोळ्यांत घालायचे अंजन त्याच धातूचे. ‘वि’ हा उपसर्ग लागून व्यक्त, व्यंजन आणि व्यंजना हे शब्द झाले. वर्णमालेतले व्यंजन आणि ताटातले व्यंजन ही एकाच कुळातली भावंडे आहेत. ‘व्यक्ती’ म्हणजेही आधी माणूस नव्हे, तर प्रकट होणे. मराठीने या शब्दाचे संस्कृतातले स्त्रीलिंग टिकवले, म्हणून पुरुषालाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो. मिसरोदच्या हिंदी शेजारात तोच शब्द पुल्लिंगी होतो.

मिसरोदपासून फार दूर नसलेल्या भोजपूरला राजा भोजाचे अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे. अकराव्या शतकातला हा परमार राजा ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’ या काव्यशास्त्रीय ग्रंथांचा कर्ताही होता. काव्यशास्त्रात या शब्दकुळाला मानाचे स्थान मिळाले ते काश्मीरमध्ये. नवव्या शतकात आनंदवर्धनाने सांगितले की, अभिधा आणि लक्षणा यांपलीकडे शब्दाची तिसरी शक्ती असते; ती व्यंजना. पुढे अभिनवगुप्ताने रसाची अभिव्यक्ती होते असे मानले, आणि त्याचे मत अभिव्यक्तिवाद म्हणून ओळखले गेले. रसिकाच्या अंतःकरणात स्थायी भाव आधीपासून वसत असतो. काव्य त्याला प्रकट करते. अंधाऱ्या खोलीतला घट दिव्याने दिसावा, तसे. दिवा घट घडवत नाही, पण दिव्यावाचून तो असून नसल्यासारखा असतो.

गणितात हाच शब्द आपल्या मातीतून आला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्यांच्या घराण्याची साक्ष देतो. त्यांच्या परंपरेत अंकगणित हे व्यक्त गणित आणि बीजगणित हे अव्यक्त गणित होते. ज्या संख्येचे मूल्य ठाऊक नाही ती अव्यक्त. तिला यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन समीकरण मांडायचे आणि तिला व्यक्त करायचे. आज मध्य प्रदेशात हिंदी माध्यमात शिकणारे मूल ‘बीजीय व्यंजक’ शिकते, तर महाराष्ट्रातले मूल ‘बैजिक राशी’. मिसरोदमधल्या मराठी घरात आजोबांची ‘राशी’ आणि नातवाचे ‘व्यंजक’ एकाच वहीवर भेटतात. दोन्ही शब्द चांगलेच आहेत. प्रश्न इतकाच की, नातवाच्या शाळेत आजोबांच्या शब्दाला कधी तोंड उघडायला मिळते काय?

जीवशास्त्राने या शब्दाला विसाव्या शतकात आणखी एक अर्थ दिला. शरीरातल्या बहुतेक सर्व पेशींत तीच जनुके असतात, तरी यकृताची पेशी वेगळी आणि डोळ्याची वेगळी. कारण प्रत्येकीत निराळी जनुके व्यक्त होतात. फ्रान्समधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये एका जिवाणूच्या आधारे याचे नियमन उलगडले. दुधातली लॅक्टोज ही शर्करा पचवण्याची जनुके त्या जिवाणूपाशी सदैव असतात; परंतु भोवती लॅक्टोज नसेल तर ती जवळजवळ निद्रिस्त राहतात. जनुक असणे आणि जनुक व्यक्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी अनुकूल परिस्थिती लागते.

सीमाभागातल्या माणसाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. त्या दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या राज्यात तो दर्जा उरला नाही. नागपूरच्या सचिवालयातले अनेक मराठी कर्मचारी कामासाठी भोपाळला आले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. म्हणून भोपाळमध्ये जो दिवस राज्याचा स्थापना दिन, तोच बेळगावात मराठी माणसाचा काळा दिवस. भोपाळचा मराठी माणूस पोटापाण्यासाठी तेथे गेला, बेळगावचा आपल्या घरातच होता, हे अंतर विसरता येत नाही. तरी दोघांच्या भाषेपुढे एकच प्रश्न उभा राहिला.

त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्तीही अमलात आली. तिच्यातील कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी झटण्यास राज्यांना सांगते. त्यापूर्वी, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने निकष घातला होता : शाळेत अशी ४० मुले किंवा वर्गात १० मुले असतील तर मातृभाषेचा शिक्षक नेमावा. कलम १९ ने तर भाषणाचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सर्वच नागरिकांना आधीपासून दिले होते.

या दोन कलमांची गाठ ६ मे २०१४ रोजी पडली. कर्नाटक शासनाच्या भाषाधोरणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडणे हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. राज्य मातृभाषेचीही सक्ती करू शकत नाही. निकालाचा लाभ सर्वप्रथम इंग्रजी शाळांना झाला, हे खरे. परंतु त्यातले तत्त्व आपण नीट वाचले पाहिजे. माध्यम ही अभिव्यक्ती असेल, तर मराठी माध्यम निवडणाऱ्या पालकाची निवडही तितकीच मोलाची आहे. मात्र निवडीसाठी समोर शाळा हवी, शिक्षक हवा, पुस्तक हवे. शाळाच नसेल तर निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे लॅक्टोजवाचूनचे जनुक.

म्हणून आपण आपल्या मागणीचे शब्द तपासावेत. ‘आम्हाला बोलू द्या’ एवढे म्हणून भागत नाही. बोलण्यास सहसा कोणी मनाई करीत नाही. अर्ज मराठीत घेतला जावा, सातबारा मराठीत मिळावा, चाळीस मुले असतील तेथे शिक्षक यावा, ही अभिव्यक्तीची परिस्थिती आहे. जेथे ती संख्या भरत नाही, अशा मिसरोदसारख्या ठिकाणी हे काम घराला आणि मंडळाला करावे लागेल : आठवड्यातून एक तास, एक पुस्तक, आजोबांची ‘राशी’.

भाषा घरात असतेच. तिच्यावर उजेड पाडणारा दिवा कोणी तरी लावावा लागतो.