रुपयामागे एक आणा

आमच्या आत्तीची एक पत्र्याची पेटी होती. २०१६ साली ती गेली आणि पेटी उघडायचे काम माझ्याकडे आले. आत पान कापायची कात्री होती, पानाचे माप घ्यायचा पत्र्याचा फर्मा होता, आणि खाली धाकट्या लुगड्याच्या घडीत दोन नोंदवह्या व स्टॅम्पपेपरवरचे एक प्रतिज्ञापत्र. नोंदवह्या कन्नडमध्ये, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत आणि त्याखालची सही मराठीत. निपाणीतल्या एका बाईने सत्तावीस वर्षे विड्या वळल्या, त्याचा सगळा पुरावा असा तीन लिप्यांत वाटून पडला होता.

मी हायस्कुलात असताना आत्तीच्या मजुरीतून पहिल्यांदा फंडाचे पैसे कापले गेले. त्या संध्याकाळी ती सूप बाजूला सारून बसली आणि म्हणाली, "हातात यायच्या आदी कापत्यात, आन् म्हातारपनी देतो म्हनत्यात. माझं म्हातारपन कुनी बघितलंय?" मी तेव्हा तिला हसलो होतो. पुढे हा विषय वाचू लागलो तेव्हा कळले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. तिच्या संशयाला शंभर वर्षांचा आधार होता.

मजुरीतून पैसे कापणे ही गोष्ट आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीपासून सुरू झालेली नाही. मुंबईत कापडगिरण्या आल्या तेव्हापासून कामगाराला 'कपात' हा शब्द चांगलाच ठाऊक होता, पण तो दंड या अर्थाने. उशीर झाला, दंड. सूत तुटले, दंड. विणकराच्या हातून कापड खराब झाले तर तेच कापड त्याच्या गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करून घ्यायची, ही तर रूढच पद्धत होती. पगारही वेळेवर नसे. एका महिन्याची मजुरी पुढल्या महिन्यात कितीतरी दिवस गिरणीत अडकून राही. म्हणजे कामगाराचे पैसे मालकाकडे आधीच बिनव्याजी पडून असत, आणि त्यातूनच दंड कापला जाई. कापलेला पैसा पुन्हा दिसत नसे.

अशा काळात, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. रविवारची सुट्टी त्यांनी मिळवून दिली, एवढे आपण शाळेत शिकतो. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची योग्य तजवीज व्हावी. आज आपण ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो त्याचे मराठी कामगाराने केलेले हे पहिल्या काही उच्चारांपैकी एक. योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १८८३ मध्ये, आजारपणाच्या विम्याचा. त्या आजारविम्यात दोन तृतीयांश पैसे कामगाराच्या पगारातून जात आणि एक तृतीयांश मालकाने घालायचे. १८८९ च्या वृद्धापकाळाच्या कायद्यात दोघांचा वाटा सारखा झाला आणि सरकारनेही भर घातली. बिस्मार्कला कामगारांचा कळवळा होता असे नाही. समाजवाद्यांच्या हातून त्याला कामगार सोडवून घ्यायचे होते. पण त्या कायद्यांनी एक नवी गोष्ट जगात आणली. पगारातून कापलेला पैसा कापलेल्याच्याच नावावर हक्क उभा करू शकतो, ही ती गोष्ट.

आपल्याकडे ती यायला फार वेळ लागला. आधी दंडाला वेसण घालणे भाग होते. १९३६ चा वेतन अदायगी कायदा या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मजुरीतून काय कापता येईल याची त्याने यादीच दिली. यादीबाहेरचे कापायचे नाही. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको. वसूल झालेला दंड वहीत लिहायचा आणि तो कामगारांच्याच हिताच्या कामी खर्च करायचा. दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जाण्याची वाट निदान कागदावर बंद झाली.

पुढची पायरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. विमा सक्तीचा असावा आणि त्यात कामगाराचाही वाटा असावा, हे त्याचे मुख्य सूत्र. कामगाराकडून कशाला घ्यायचे, असे कुणालाही वाटेल. पण ज्याने वर्गणी भरली तो दवाखान्याच्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही, हे या पद्धतीमागचे मर्म आहे. या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले.

त्याच वर्षी भविष्यनिर्वाह निधीही आला. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी आधी वटहुकूम निघाला, मग मार्च १९५२ मध्ये कायदा झाला, आणि १ नोव्हेंबर १९५२ पासून निधीची योजना पूर्णपणे अमलात आली. सुरुवातीला फक्त सहा उद्योग त्यात होते: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराची वर्गणी सव्वासहा टक्के आणि मालकाचीही तेवढीच. सव्वासहा हा आकडा विचित्र वाटतो, पण सोळा आण्यांच्या रुपयात तो मांडून पाहा. रुपयामागे बरोबर एक आणा! १९३६ साली रुपयामागे अर्धा आणा ही दंडाची कमाल मर्यादा ठरली होती. सोळा वर्षांनी त्याच रुपयातून एक आणा कापला जाऊ लागला, पण त्याच्या शेजारी मालकाला आपला एक आणा ठेवावा लागला. कापणारा हात तोच होता. पैशाची दिशा बदलली होती.

पुढे ही वर्गणी वाढत गेली. १९९७ साली बहुतेक उद्योगांत ती १२ टक्के झाली. विडी, ताग, काथ्या, वीटभट्टी अशा काही धंद्यांत १० टक्केच राहिली. १९९५ च्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतन योजना आली, आणि तेव्हापासून पुष्कळ घरांत एक प्रश्न विचारला जातो: माझ्या खात्यात मालकाचा वाटा माझ्यापेक्षा कमी का दिसतो? उत्तर असे, की मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या निधीत जातात. दहा हजार पगार असेल तर कामगाराचे १२०० त्याच्या खात्यात. मालकाच्या १२०० पैकी ८३३ निवृत्तिवेतनाकडे आणि उरलेले ३६७ खात्यात. म्हणजे पैसे बुडालेले नसतात, वेगळ्या कोठारात पडलेले असतात. मात्र त्या कोठाराच्या दाराला एक अट आहे. महिन्याचे निवृत्तिवेतन हवे तर निदान दहा वर्षांची नोंदलेली नोकरी लागते. नोंदलेली हा शब्द महत्त्वाचा. माझ्या आत्तीची कथा त्याच शब्दावर अडते.

सहा उद्योगांच्या यादीत १९५२ साली सिगारेट होती, विडी नव्हती. सिगारेट कारखान्यात होते, भोंगा वाजतो, हजेरी लागते. विडी मात्र घरातल्या उंबऱ्यावर, पाळणा पायाने हलवता हलवता वळली जाते. आमच्या भागात अशा बायांना घरखात्याच्या म्हणत. कंत्राटदाराने पान, तंबाखू, दोरा द्यायचा, बाईने विड्या वळून न्यायच्या, हजारी दराने मजुरी घ्यायची. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी बसून वळणारीही त्यात कामगार ठरली. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडीला लागू झाला. पण कायदा लागू होणे वेगळे आणि नाव वहीत चढणे वेगळे. कित्येक ठिकाणी एक युक्ती निघाली. कागदोपत्री बाईला पान-तंबाखू 'विकायचे' आणि तिच्याकडून विड्या 'विकत घ्यायच्या'. मग ती कामगार कुठली? ती तर व्यापारी! आत्तीसारखी, दिवस उगवल्यापासून मान मोडून वळणारी बाई वहीत व्यापारी होऊन बसली.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये निकाल लागला. विडी उत्पादकांचे म्हणणे होते की या बाया घरी काम करतात, त्यांच्यावर आमची देखरेख नाही, तेव्हा त्या आमच्या नोकर नव्हेत. न्यायालयाने ते मानले नाही. कारण जे दिले ते आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला पाठ होते. आणलेल्या विड्या पारखून वाईट ठरतील त्या नापास करण्याचा अधिकार मालकाकडे असतो, आणि इतक्या साध्या कामात नापास करण्याचा अधिकार हीच पुरेशी देखरेख आहे.

या नापास विड्यांना आमच्याकडे 'छाट' म्हणतात. हजारातल्या शेदीडशे विड्या बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही, आणि त्या परतही करायच्या नाहीत. आत्ती रडली असेल तर छाटेपायी रडली. गिरणीतल्या विणकराच्या गळ्यात खराब कापड मारत, त्याचाच हा विडीतला अवतार. पण बघा न्याय कसा फिरून आला. ज्या छाटेने तिची मजुरी खाल्ली, तसल्याच छाटेने न्यायालयात साक्ष दिली की ही बाई व्यापारी नाही, कामगार आहे. कारण व्यापाऱ्याचा माल नापास झाला तर तो त्याला परत मिळतो. कामगाराचा माल नापास झाला तर त्याचा पगार जातो.

निकालानंतर लगेच सगळे घडले असे नाही. आत्तीचे नाव १९८८ साली वहीत चढले. ज्या संध्याकाळी ती कपातीला शिव्या देत होती, त्या दिवशी खरे तर सोळा वर्षांनी पहिल्यांदा ती कागदावर कामगार झाली होती. हे मला तेव्हा कळले नाही, तिलाही नाही.

१९९९ साली डोळ्यांनी साथ सोडली आणि तिने काम थांबवले. फंडाचा अर्ज भरला तो परत आला. कारण नाव. कारखान्याच्या कन्नड वहीत नवऱ्याचे नाव आधी आणि तिचे नंतर. आडनावाच्या जागी गावाचे नाव. शाळेच्या मराठी दाखल्यात माहेरचे नाव. मतदार ओळखपत्रात 'बाई' जोडलेले, वहीत गाळलेले. दोन भाषांच्या मुलखात माणसाला दोन नावे होतात आणि कचेरीला एकच चालते. तीन खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्र झाले, आणि मग तुटपुंजे का होईना, निवृत्तिवेतन सुरू झाले. २०१४ साली किमान रक्कम महिना हजार रुपये ठरली तेव्हा तिचेही हजार झाले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यानुसार एक उपकर होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. त्या सोयी मग सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहिल्या. आत्तीच्या नावावर कापलेला पैसा मात्र असा कुणाला रद्द करता आला नाही. दया आणि हक्क यांत एवढाच फरक असतो.

२०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. मोबाइलवरून आलेली ऑर्डर दुचाकीवर पोचवणाऱ्या मुलांचा उल्लेख त्यात पहिल्यांदा झाला. त्यांच्या कंपन्या त्यांना नोकर म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला आत्तीच्या वहीतला 'व्यापारी' आठवतो. घरात असा मुलगा असेल, किंवा कारखान्यात जाणारी सून असेल, तर त्यांच्या पगारातून काय कापले जाते ते जरूर विचारा. आणि काहीच कापले जात नसेल, तर ते आधी विचारा. नाव तिन्ही भाषांत एकसारखे आहे का, तेही आजच पाहून ठेवा.

आत्तीला मी एकदा हा सगळा हिशेब समजावून सांगितला होता. रुपया, आणा, टक्के, दहा वर्षांची अट, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग बोटांवर मोजत म्हणाली, "सत्तावीस वर्सं वळलं, आन् अकरा धरली. मधली सोळा कुनाच्या वहीत हाईत रं?"

पेटी बंद करताना ती वाक्ये मला पुन्हा ऐकू आली. दोन्ही नोंदवह्या मी पुन्हा पानोपान चाळल्या. ती सोळा वर्षे त्यांत नव्हती.