चुकीच्या प्राण्यावर नापास झालेलं औषध

‘नवी अँटिबायोटिक्स शोधत बसण्यापेक्षा जुनीच औषधं वापरून बघा ना, ती तर तपासलेली असतात.’ माझा विषय सांगितला की हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायला मी क्लोफाझिमिनची गोष्ट सांगते.

1950च्या दशकात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांचा गट टीबीवर औषध शोधत होता. सुरुवात झाली लायकेनमधल्या रसायनांपासून (आपलं मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच!). त्यातून पुढे लालसर रंगाची बरीच संयुगं तयार झाली. त्यातलं बी-663 म्हणजे आपलं क्लोफाझिमिन. 1957 साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. टीबी झालेल्या उंदरांमध्ये औषध झकास चाललं. पण गिनीपिग आणि माकडांमध्ये त्याने निराशा केली. तोवर आयसोनायझिडसारखी स्वस्त, प्रभावी औषधं हाताशी आलेली होती. मग या रंगीत पावडरीसाठी कोण झगडणार?

आता गंमत बघा. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळतं. या प्राण्यांच्या आतड्यातून ते नीट शोषलंच जात नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे औषध जंतूपर्यंत पुरेसं पोचलंच नव्हतं, आणि आपण त्याला नापास करून मोकळे!

त्याला वाचवलं कुष्ठरोगाने. कुष्ठरोगाचा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंदच. 1962 साली नायजेरियातल्या उझुआकोली इथे ब्राउन आणि होगरझाइल यांनी कुष्ठरुग्णांवर ते वापरून पाहिलं आणि गुण आला. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन आणि रिफाम्पिसिनच्या जोडीला ते बहुऔषध उपचारात घेतलं. आपल्याकडच्या कुष्ठरुग्णांनीही या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या आहेत.

तोवर टीबीचा जंतू जुन्या औषधांना जुमानेनासा झाला होता. 2011च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी बांगलादेशातून वेगळीच बातमी आली होती: क्लोफाझिमिन असलेल्या, किमान नऊ महिन्यांच्या उपचाराने एमडीआर टीबीच्या 206 पैकी 87.9 टक्के रुग्ण बरे झाले. सगळं श्रेय एकट्या क्लोफाझिमिनला देता येत नाही, सोबत इतरही औषधं होती. पण साठेक वर्षांपूर्वी ज्या रोगासाठी ते बनलं, त्याच रोगाच्या उपचारात 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘ब’ गटात जागा दिली.

मग ‘तपासलेलं’ औषध म्हणजे बिनधोक का? याने त्वचा लालसर-तपकिरी, काळपट होते, आणि औषध शरीरात साठून राहत असल्यामुळे उपचार संपल्यावरही तो रंग महिनोन्‌महिने जात नाही. घरच्यांपासून आजार लपवणाऱ्या माणसाला हा ‘किरकोळ’ दुष्परिणाम किरकोळ वाटत नाही.

दुसरी अडचण माझ्या कामाच्या जास्त जवळची. बेडाक्विलिन हे 2012 साली अमेरिकेत मंजूर झालेलं, टीबीसाठी बऱ्याच दशकांनी आलेलं नव्या धाटणीचं औषध. टीबीच्या जंतूकडे औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो आणि त्याला आवरणारं एक जनुक असतं. ते जनुक बिघडलं की पंप मोकाट सुटतो, आणि क्लोफाझिमिनबरोबर बेडाक्विलिनही बाहेर फेकतो. म्हणून जुनं औषध वापरताना नव्या औषधाचीही चाचणी करावी लागते. ती चाचणी अजून प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही.