हातसंगणकावरील नोंदी आणि पाठचिकित्सा

हस्तलिखित पोथी ज्याप्रमाणे वाळवीने, पाण्याने किंवा लेखनिकाच्या अनवधानाने भ्रष्ट होते, त्याचप्रमाणे संगणकाच्या स्मृतीत साठविलेली नोंदही भ्रष्ट होते. भेद इतकाच की, पोथीतील व्यंग डोळ्यांना दिसते. संगणकातील व्यंग नोंद उघडावयास जावे तेव्हाच प्रत्ययास येते. प्रस्तुत लेखात ‘पाम’ ह्या हातसंगणकाच्या डेटाबेस-फायलींचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. ह्या यंत्राचा काळ संपून गेला असला, तरी त्याच्या फायलींची रचना इतकी साधी आहे की, भ्रष्ट संहितेतून काय परत मिळते व काय कायमचे जाते, हे तिच्या आधारे नेमके दाखविता येते.

‘पायलट’ ह्या नावाचे पहिले यंत्र १९९६ साली बाजारात आले. पाम कंप्यूटिंग ही संस्था त्या वेळी यू. एस. रोबोटिक्सचा भाग होती. पायलट १००० ची स्मृती अवघी १२८ किलोबाइटची असून ती दोन लहान बॅटऱ्यांवर टिकून राहत असे. बॅटऱ्या पुरत्या संपल्या की सर्व नोंदी पुसल्या जात. वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीवर नोंदी ठेवण्याची सोय पामच्या यंत्रांत २००४ च्या सुमारास, टंग्स्टन टी-५ सारख्या नमुन्यांबरोबर आली. तोपर्यंत खरा आधार होता तो मेजावरील संगणकात ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीचा. ही प्रत करण्याच्या क्रियेस ‘हॉटसिंक’ म्हणत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्यक्ष यंत्राच्या स्मृतीत ह्या नोंदी सुट्या तुकड्यांच्या रूपाने विखुरलेल्या असत. त्यांना एकसलग फायलीचे रूप येई ते प्रत करताना. ह्या फायलीच्या आरंभी ७८ बाइटांचा शीर्षभाग असतो. त्यात डेटाबेसचे नाव, निर्मितीचा व शेवटच्या बदलाचा काळ, आणि अखेरीस नोंदींची संख्या येते. त्यानंतर अनुक्रमणिका. तीत प्रत्येक नोंदीस ८ बाइट दिलेले असतात: ४ बाइट नोंद कोठे सुरू होते ते सांगणाऱ्या स्थानांकाचे, १ तिच्या वर्गाचा व इतर खुणांचा, आणि ३ तिच्या स्वतंत्र क्रमांकाचे. पुढे प्रत्यक्ष मजकूर.

नोंदीची लांबी मात्र कोठेही लिहिलेली नसते. पुढील नोंदीच्या स्थानांकातून ह्या नोंदीचा स्थानांक वजा करून ती काढावी लागते. त्यामुळे एक स्थानांक बिघडला की दोन नोंदी बिघडतात: एकीचा आरंभ व तिच्या आधीच्या नोंदीचा शेवट. पाठ शुद्ध आहे की नाही हे पडताळून पाहण्याची कोणतीही बेरीज फायलीत नसल्याने, व्यंग असलेली प्रतही निर्वेधपणे पुढे चालत राहते. एखाद्या दूषित डेटाबेसमुळे यंत्र वारंवार बंद पडू लागले की लोक स्मृती पुसून टाकीत व पुन्हा हॉटसिंक करीत. परंतु जपून ठेवलेल्या प्रतीतच दोष असल्यास तोही यंत्रात परत येई. म्हणून जाणते लोक प्रतींचा संग्रह बाजूस काढून एकेक फाइल परत घालीत, आणि दोष कोणत्या फायलीत आहे ते ठरवीत.

दुरुस्तीची रीत पाठचिकित्सेच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये. प्रथम मूळ प्रतीस हात न लावता तिची नक्कल करावयाची. मग स्थानांक चढत्या क्रमाने आहेत काय, आणि ते फायलीच्या लांबीत बसतात काय, हे पाहावयाचे. अनुक्रमणिका सर्वस्वी नष्ट झाली असली, तरी साध्या टिपणांच्या बाबतीत एक अंतर्गत पुरावा उरतो. प्रत्येक टिपणाच्या अखेरीस शून्य मूल्याचा एक बाइट असतो. त्या विरामचिन्हावरून टिपणे सुटी करता येतात.

विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने बोलीतील शब्दांचा एक संग्रह अशा यंत्रावर केला होता. प्रत्येक शब्दास एक टिपण, आणि गावाच्या नावाचा एक वर्ग, अशी योजना होती. एकदा बॅटऱ्या वेळेवर न बदलल्यामुळे यंत्रातील नोंदी गेल्या. दोष सर्वस्वी लेखकाचाच. मेजावरील प्रत पाहिली तो तिची अनुक्रमणिका शून्यांनी भरलेली. वरील रीतीने शब्द बहुतेक सर्व मिळाले. गावांची नावेही मिळाली, कारण ती फायलीत निराळ्या जागी असतात. मात्र कोणता शब्द कोणत्या गावचा, हे सांगणारा बाइट अनुक्रमणिकेतच होता. तो परत मिळाला नाही. बोलीच्या अभ्यासात ह्या संबंधालाच मोल असते. काही शब्दांची गावे अंदाजाने भरण्याचा मोह झाला. परंतु तसे केले असते, तर मिळालेला पाठ व कल्पिलेला पाठ ह्यांतील भेद पुढील अभ्यासकास कळला नसता. तो संग्रह म्हणूनच गावांवाचून राहिला.

आणखी एक हानी फाइल बिघडण्याच्या आधीच झाली होती. यंत्राच्या मूळ रचनेत देवनागरीची सोय नसल्याने शब्द रोमन अक्षरांत लिहिले होते, आणि ‘ल’ व ‘ळ’ ह्यांस एकच अक्षर योजिले होते. ‘वेल’ आणि ‘वेळ’ ह्यांतील भेद फायलीत कधी शिरलाच नाही. तो कोणत्याही दुरुस्तीने निघावयाचा नव्हता.

ह्यावरून असे म्हणता येईल की, जी गोष्ट संहितेत दोन ठिकाणी सूचित झालेली असते ती सावरता येते; जी एकाच ठिकाणी नोंदलेली असते ती त्या ठिकाणाबरोबर जाते. गावाचे नाव टिपणाच्या मजकुरातही लिहिले असते, तर चार अक्षरांच्या पुनरुक्तीने सगळा संग्रह वाचला असता. आज आपले विद्यार्थी क्षेत्रकार्याची सामग्री भ्रमणध्वनीवर गोळा करतात. त्यांनी प्रत्येक नोंदीतच गाव, निवेदक व दिनांक लिहावा, आणि जुनी प्रत नव्या प्रतीखाली पुसली जाऊ देऊ नये, एवढी सूचना येथे करावीशी वाटते.