शाळा आणि ग्रंथपेटी

भंडारा जिल्ह्यात तळी विपुल. परंतु पाट काढल्यावाचून त्यांचे पाणी धानास पोहोचत नाही. शाळेच्या कपाटातील ग्रंथांचेही तसेच आहे. हे मर्म बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ओळखिले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण वाचावयास ग्रंथच नसतील, तर शाळा सुटल्यावर अक्षरे टिकावी कशी? म्हणून १९१० साली अमेरिकेतील बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी ग्रंथालये उभारिली व ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडिल्या. या कार्यात मोतीभाई अमीन हे शिक्षक अग्रेसर होते. विद्यार्थी शाळा सोडल्यावर काय वाचतो, हीच आम्हां शिक्षकांची खरी परीक्षा. मग कपाटांस कुलुपे कशाला?