एका गावाची दोन नावं: सगळ्यांच्या नकाशावर कोणतं लिहायचं?

वेस्ट बँकमधल्या ज्या शहरात हजरत इब्राहीम (अ.स.) यांची कबर मानली जाते, त्याला अरबीत अल-खलील म्हणतात आणि हिब्रूत हेवरॉन. नाबलूसला हिब्रूत श्खेम म्हणतात. अशा ठिकाणी नावासोबत जमिनीवरचा दावाही येतो. मग जो नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो, त्यावर कोणतं नाव लिहायचं?

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय

२००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा मोफत नकाशा जगभरातले स्वयंसेवक भरतात. अनेक ॲप आणि मदतसंस्था त्यातली माहिती वापरतात. त्यामुळे इथं एक नाव बदललं की ते पुढे कितीतरी मोबाइलवर बदलतं.

नावांचे रकाने

प्रत्येक जागेला एक मुख्य नावाचा रकाना असतो. शिवाय अरबी, हिब्रू, उर्दू, मराठी असे भाषेनुसार वेगळे रकाने असतात. अधिकृत, पर्यायी आणि जुनं नावही स्वतंत्र लिहिता येतं. म्हणजे अल-खलील आणि हेवरॉन दोन्ही नावं नकाशात सुखाने राहू शकतात. भांडण होतं ते मुख्य रकान्यासाठी, कारण नेहमीच्या नकाशावर तेच नाव दिसतं.

नियम काय सांगतो

नियम असा, की प्रत्यक्ष त्या जागेवर जे नाव वापरात आहे, पाटीवर आहे, ते मुख्य रकान्यात लिहायचं. सायप्रसचं उदाहरण घेऊ. १९७४ मध्ये बेटाच्या उत्तर भागात तुर्कस्तानचं सैन्य आलं. १९८३ मध्ये तिथे वेगळं प्रजासत्ताक जाहीर झालं. त्याला फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे. तिथल्या एका शहराला ग्रीकमध्ये केरीनिया, तुर्कीत गिर्ने म्हणतात. तिथल्या नावांवरून नकाशावर संपादन-युद्ध झालं: एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं. नियमानुसार मुख्य रकान्यात गिर्ने येतं आणि ग्रीक नाव ग्रीकच्या रकान्यात राहतं. यातून कुणाचं राज्य वैध, हे ठरत नाही.

वाद मिटला नाही तर तो डेटा वर्किंग ग्रुप या स्वयंसेवकांच्या गटाकडे जातो. हा गट बदल मागे घेऊ शकतो, खातं रोखू शकतो. त्याचा शब्दही शेवटचा नसतो. क्रायमिया फक्त युक्रेनमध्ये दाखवण्याचा या गटाचा नोव्हेंबर २०१८ चा निर्णय ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या मंडळाने पुढच्याच महिन्यात फिरवला.

पण पाटी लावतं कोण?

इथेच आमच्या मते नियमाची खरी अडचण आहे. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती पाटी. १९४९ मध्ये इस्राएल सरकारने नेगेव वाळवंटातल्या जागांना हिब्रू नावं देण्यासाठी समिती नेमली होती. त्याच नेगेवमध्ये मान्यता नसलेली बेदुइन गावं आजही आहेत. त्यांना सरकारी पाटीच नाही. तिथे रहिवाशांच्या तोंडचं नाव हाच पुरावा आणि ते नोंदवायला कुणीतरी लागतं.

१९४८ मध्ये चारशेहून अधिक पॅलेस्टिनी गावं ओस पडली. ओपनस्ट्रीटमॅप आज उभं आहे तेच दाखवतो, त्यामुळे त्यांची बहुतेक नावं तिथे सापडत नाहीत. त्यासाठी पॅलेस्टाइन ओपन मॅप्सवर ब्रिटिश काळातले नकाशे पाहता येतात. ओपनहिस्टॉरिकलमॅप या वेगळ्या प्रकल्पात जुनी गावं नोंदवताही येतात.

आपण काय करू शकतो

- वादग्रस्त भागातलं मुख्य नाव घरबसल्या बदलू नका. ते पुसलं जातं, वर खातंही अडकतं.
- उर्दू आणि मराठीचे रकाने बऱ्याच ठिकाणी रिकामे आहेत. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी ते भरावेत.
- गूगल मॅप्सवरून नावं उचलू नका. परवान्याचा भंग होतो.
- बदलाबरोबर कारण आणि पुरावा लिहा.

नकाशावर राग काढला तर तो दुसऱ्या दिवशी पुसला जातो. योग्य रकान्यात पुराव्यासह लिहिलेलं नाव टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.