जमीन व विहिरीतील डिझेल प्रदूषण : तपासणी कशी करावी?

पंपाचे डिझेल इंजिन, जनरेटर, ट्रॅक्टरची टाकी किंवा साठवणीचे ड्रम यांतून सांडलेले डिझेल जमिनीत मुरते आणि काही वेळा विहिरीपर्यंत पोचते. केवळ वास किंवा तवंगावरून निष्कर्ष काढल्यास गळतीची खरी जागा सापडत नाही. त्यामुळे डिझेल कोठून आले, कुठवर पसरले आणि पाणी वापरण्यायोग्य आहे का, हे क्रमाने तपासावे.

डिझेल जमिनीत कसे पसरते?

डिझेल पाण्यापेक्षा हलके असून पाण्यात फारच कमी विरघळते. ते मातीतून खाली झिरपते, काही भाग मातीच्या कणांना चिकटतो आणि उरलेले भूजलाच्या पातळीवर तरंगते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतून ते पटकन खोल जाते. खाली मुरूम व भेगाळलेला बेसाल्ट खडक असल्यास भेगांच्या दिशेने ते दूरवर सरकू शकते. म्हणून वरची माती स्वच्छ दिसली तरी खालचे थर दूषित असू शकतात.

प्राथमिक लक्षणे

- ठरावीक पट्ट्यातच उगवण कमी होते किंवा पीक पिवळे पडते. डिझेल कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात, तसेच मुळांना हवा कमी मिळते.
- पाणी दिल्यावर ते मुरत नाही, थेंब मातीवर तसेच राहतात.
- विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो.

प्रत्येक तवंग डिझेलचा नसतो. काडीने ढवळून पाहावे. लोहयुक्त पाण्यातील जिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. तेलाचा असल्यास पंपातील वंगण तेल गळत नाही ना, हे आधी पाहावे.

तवंगाच्या आकारावरून गळतीचे प्रमाण ठरवू नये. ६ मीटर व्यासाच्या विहिरीवर एक मायक्रॉन जाडीचा तवंग पसरायला सुमारे ३० मिलिलिटर डिझेल पुरते. उलट, तवंग नसला तरी डिझेलमधील काही घटक पाण्यात विरघळलेले असू शकतात.

गळतीचा उगम शोधणे

- टाकीतील डिझेल संध्याकाळी पट्टीने मोजावे, रात्रभर वापर बंद ठेवून सकाळी पुन्हा मोजावे. पातळी घटल्यास टाकी, नळी व कॉक तपासावेत.
- खरेदी आणि वापराचा हिशेब जुळवून पाहावा.
- भूजल साधारणपणे जमिनीच्या उताराप्रमाणे वाहते. म्हणून विहिरीच्या चढाकडील बाजूची इंजिनघरे, जुने ड्रम, वाहन दुरुस्तीची जागा, पेट्रोल पंप यांची नोंद करावी.
- शेजारच्या विहिरी व बोअरवेलचे पाणीही पाहावे.

मातीचे नमुने

नेहमीच्या माती परीक्षणासाठी अनेक ठिकाणची माती घमेल्यात मिसळून एक नमुना करतात. येथे तसे करू नये. मिसळताना वाफ उडून जाते आणि दूषित जागा चांगल्या मातीत लपते.

- संशयित जागेपासून बाहेरच्या दिशेने ठरावीक अंतरावर नमुने घ्यावेत.
- ०-१५, १५-३०, ३०-६० व ६०-९० सें.मी. खोलीचे नमुने वेगळे ठेवावेत.
- चढाकडील स्वच्छ जागेचा एक नमुना तुलनेसाठी घ्यावा. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या मातीत आकडा फसवा येऊ शकतो.
- प्रत्येक नमुन्यानंतर अवजार साबणाच्या पाण्याने धुवावे.
- माती काचेच्या बरणीत गच्च भरून झाकण घट्ट लावावे.

पाण्याचे नमुने

पृष्ठभागाचा आणि खालच्या पाण्याचा नमुना वेगळा घ्यावा. प्लॅस्टिकची बाटली वापरू नये, कारण तेल तिच्या आतील बाजूस चिकटते. प्रयोगशाळेकडून काचेच्या बाटल्या घ्याव्यात. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून लवकरात लवकर पोचवावेत. भूजल पातळी बदलली की तरंगते डिझेल वर-खाली होते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी व नंतर पुन्हा तपासणी करावी.

कोणती तपासणी मागावी?

नत्र, स्फुरद, पालाश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ही चाचणी सहसा होत नाही. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझीन, टोल्यूइन, झायलीन व नॅप्थॅलीन यांची तपासणी मागावी. पिण्याच्या पाण्यासाठी खनिज तेलही तपासावे. आयएस १०५०० : २०१२ मानकानुसार त्याची मर्यादा प्रति लिटर ०.५ मिलिग्रॅम आहे.

तातडीची काळजी

- अहवाल येईपर्यंत हे पाणी पिण्यासाठी व जनावरांसाठी वापरू नये.
- तवंग काढण्यासाठी विहिरीत उतरू नये. वाफेमुळे व प्राणवायूच्या कमतरतेमुळे गुदमरण्याचा धोका असतो. जवळ विडी, काडी पेटवू नये.
- जोरात उपसा करून विहीर ‘साफ’ करू नये. पातळी खाली गेल्याने डिझेल खोलवरच्या भेगांत शिरते.
- दूषित माती ओढ्यात किंवा बांधावर टाकू नये. ती ताडपत्रीवर काढून पावसापासून झाकून ठेवावी.
- उगम शेताबाहेर असल्यास तलाठ्यांकडे पंचनाम्याची मागणी करावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा. नमुन्याची जागा, खोली, तारीख आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. भरपाईच्या दाव्यात हाच पुरावा उपयोगी पडतो.