रक्त कुणाचं तपासलं?

मित्रहो, एचआयव्हीचा विषाणू जात बघत नाही, असं डॉक्टर सांगतात. खरंय. पण बाईला त्याच्यापर्यंत नेणारी वाट जातीतून जाते, असं मी म्हणतो.

सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात यल्लम्माला सोडलेल्या पोरी बहुतेक महार, मांग, होलेय, मादिगांच्या. घरात भाकर नाही, रानात तुकडा नाही. पोरगीच देवाला वाहिली. कित्येकींची वाट थेट कामाठीपुऱ्यात गेली. १९३४ साली मुंबई प्रांतात बंदीचा कायदा झाला. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी या बायांना हे जिणं सोडायला सांगितलं. तरी १९८२ साली कर्नाटकाला पुन्हा कायदा करावा लागला.

धंदा देशभरचा, रोग पहिल्यांदा सापडला मद्रासला, १९८६ साली. डॉ. सुनीती सोलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. रक्त होतं धंद्यातल्या, कोंडून ठेवलेल्या बायांचं. कोंडलेली बाई सुईला नाही कशी म्हणणार? गिऱ्हाईक घरी गेलं, रोगाला नाव बाईचं पडलं.

त्या नावाच्या भीतीनं तीच बाई पुढं दवाखान्याची पायरी टाळते. म्हणजे सक्तीची तपासणी आधी तिची, आणि औषध उशिरा तेही तिलाच. जात, भूक, बाईपण, धंदा. एक गाठ सोडवावी, तर दुसरी आवळते.

संमतीशिवाय तपासणी नाही, असं २०१७ चा कायदा सांगतो. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. दोस्तहो, तो वस्तीत नेऊन मोठ्यानं वाचा.